बाबांच्या गाडीसाठी वेगळं जीपीएस युनिट घ्यायचंय, मोबाईलवरचा मॅप नको. कुठलं बघू?

राजापूरची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे पण नीट सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही म्हणून सगळंच लिहिते. माझे बाबा ६८ वर्षांचे, सांगलीला असतात, रिटायर झाल्यापासून महिन्यातून एकदा तरी आईला घेऊन गाडीने गावी जातात. गाव राजापूर तालुक्यात, पाचलच्या पुढे आत. म्हणजे सांगली, कोल्हापूर, मलकापूर आणि मग अणुस्कुरा घाट उतरायचा. हा रस्ता त्यांना तोंडपाठ आहे, तिथे मॅपची गरजच नाही. पण गेल्या गणपतीत मलकापूरच्या पुढे कुठेतरी काम चालू होतं म्हणून गाड्या आतल्या रस्त्याने वळवल्या होत्या, पाऊस आणि धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना, आणि नेमका एका तिठ्यावर मोबाईलचा मॅप गेला. म्हणजे निळा ठिपका दिसत होता पण आजूबाजूला सगळं कोरं, रस्ताच नाही, वर नुसतं गोल गोल फिरतंय. रेंज शून्य. आई सांगते पाऊण तास तिथे उभे होते, शेवटी एक दुधाचा टेम्पो आला त्याच्या मागे मागे निघाले. त्या पाऊण तासात मी इकडे पुण्यात सारखा फोन लावतेय आणि लागत नाही, मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला नको.

दुसरं म्हणजे फोन आला की मॅप बारीक होऊन कोपऱ्यात जातो, बाबा तो परत मोठा करायला जातात आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावर नसते. आई शेजारी असते पण तिला ते जमत नाही, ती अजून घाबरते. मे महिन्यात तर काचेजवळ लावलेला फोन इतका तापला की चार्जिंगच थांबलं आणि स्क्रीन काळपट झाली.

म्हणून वाटतं की गाडीत कायम लावून ठेवायचं वेगळं युनिट घ्यावं, जे फक्त रस्ता सांगेल, बाकी काही नाही. गाडी जुनी आहे, साधा रेडिओ आहे, टच स्क्रीन वगैरे काही नाही. बजेट १५ हजारापर्यंत. आता प्रश्न. एक, याला महिन्याचं काही भाडं किंवा सिमकार्ड लागतं का? दोन, स्क्रीन ५ इंची घ्यावी की ७ इंची? तीन, सेकंडहँड खूप स्वस्तात दिसतायत ते घेण्यात काही धोका? चार, माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो, तो डिसेंबरमध्ये येणार आहे, तो म्हणतो तिकडून घेऊन येतो, तसं चालतं का? कृपया ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगा.


घाटवाटा_सातारा

ताई, मी साताऱ्यात टुरिस्ट गाडीचा धंदा करतो, आता तीन गाड्या आहेत. मोबाईलवर मॅप बघायची सवय लोकांना लागली त्याच्या आधीपासून, २०१० पासून युनिट वापरलंय, एकूण चार झाली, म्हणून बोलतो.

भाडं नाही, सिम नाही, नेट नाही. मॅप युनिटच्या पोटातच असतो आणि जागा सॅटेलाईटवरून कळते. तुमच्या बाबांच्या तिठ्यावर युनिट असतं तर आजूबाजूचे रस्ते दिसले असते, एवढी खात्री देतो.

पण ताई, युनिट कुठल्या कंपनीचं यापेक्षा त्यातला मॅप कधीचा आहे हे आधी बघा. दुकानदार म्हणेल लेटेस्ट आहे, त्यावर जाऊ नका. मी काय करतो ते सांगतो. युनिट हातात घेतलं की पहिल्यांदा शिवडीहून न्हावाशेव्याचा रस्ता लावतो. अटल सेतूवरून नेत असेल तर मॅप जानेवारी २०२४ च्या पुढचा. मग नागपूरहून भिवंडीकडे लावतो, समृद्धी इगतपुरीला सोडून खाली कसारा घाटात उतरवत असेल तर मॅप जून २०२५ च्या आधीचा, कारण आमणेपर्यंतचा शेवटचा तुकडा तेव्हा सुरू झाला. आणि शोधायच्या खिडकीत छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, धाराशिव टाकून बघा. सापडत नसेल तर जुनी नावं टाकावी लागतील, ते चालतंय पण मॅपचं वय कळतं. एका युनिटात तर कोकणातला हायवे एनएच १७ लिहिलेला आणि आपला पुणे कोल्हापूर एनएच ४, म्हणजे आता जे ६६ आणि ४८ झालेत त्याच्या आधीचं सगळं. ते युनिट मला एकाने नवं म्हणून विकलं होतं, खोकं पण सीलबंद होतं. युनिट नवं होतं, मॅप म्हातारा होता. दोन महिने भांडलो, पैसे गेले.

सेकंडहँड घ्यायचं असेल तर तारीख बघा. गंमत नाही, खरंच सांगतो, सेटिंगमध्ये जाऊन तारीख बघा. जीपीएसचे आठवडे १०२४ पर्यंत मोजले जातात आणि मग परत शून्यापासून, तसं ते ६ एप्रिल २०१९ ला झालं. जुन्या युनिटांना अपडेट मिळालं नाही तर ती तारीख साडेएकोणीस वर्षं मागची दाखवतात. रस्ता बहुतेक बरोबर सांगतात पण तारीख चुकीची दिसली म्हणजे समजायचं की कंपनीने याच्याकडे बघणं सोडलंय, म्हणजे मॅप पण येणार नाही. तसलं फुकट मिळालं तरी घेऊ नका.

वायर पण मूळचीच पाहिजे. जुन्या बऱ्याच युनिटांना साधी डेटा केबल लावली तर त्याला वाटतं कॉम्प्युटरला जोडलंय, स्क्रीनवर गाडीच्या ऐवजी कॉम्प्युटरचं चित्र येऊन बसतं आणि मॅप बंद. सिगारेट लायटरच्या सॉकेटात जाणारी त्याची स्वतःची वायर हरवलेली असेल तर भाव निम्मा करा. बॅटरीवर अवलंबून राहू नका, नव्यातसुद्धा तासभरच टिकते, ती गाडीबाहेर घेऊन पत्ता भरण्यापुरती असते.

आणि घेतल्या घेतल्या पहिलं काम, सेटिंगमध्ये रस्ता 'कमी अंतर' वर असेल तर 'कमी वेळ' वर करा आणि कच्चे रस्ते टाळा हे चालू करा. मी २०११ साली हे केलं नव्हतं, पाहुण्यांना घेऊन रात्री कोरेगावच्या बाजूला उसाच्या शेतातल्या पाणंदीत घुसलो होतो, तीन किलोमीटर वाचवायला दीड तास गेला आणि गाडीत आठ महिन्यांची गरोदर बाई होती. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.


नकाशेवाला_नाशिक

सातारकर दादांनी लाख मोलाचं सांगितलंय. मी सर्व्हे आणि नकाशांच्याच कामात आहे त्यामुळे थोडं तांत्रिक पण कामाचं लिहितो.

लोकांच्या डोक्यात जीपीएस आणि नेट एकच असं बसलंय, तिथेच घोळ होतो. यात तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पहिली म्हणजे तुम्ही कुठे आहात. ते सॅटेलाईट सांगतात, साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे ३० च्या आसपास सॅटेलाईट फिरतायत, त्यातले किमान चार दिसले की जागा मिळते. तीन पुरले असते पण चौथा वेळेसाठी लागतो, कारण युनिटमधलं घड्याळ साधं असतं आणि एक मायक्रोसेकंद चुकला तर जागा ३०० मीटरने हलते. ही सगळी एकतर्फी कामगिरी आहे, युनिट फक्त ऐकतं, काही पाठवत नाही, म्हणून त्याला नेट लागत नाही. ताईंच्या बाबांना निळा ठिपका दिसत होता ना, तो म्हणजे हीच पहिली गोष्ट, ती मोबाईलमध्येही बरोबर चालली होती. दुसरी गोष्ट म्हणजे त्या ठिपक्याखालचा नकाशा, तो मोबाईल नेटवरून ओढतो, तो आला नाही. आणि तिसरी म्हणजे ट्रॅफिक, कुठे जाम आहे, कुठे रस्ता बंद आहे, ही गोष्ट बाहेरून ताजी माहिती आल्याशिवाय कुणालाच कळत नाही, महागड्या युनिटलाही नाही, त्यातली बरीच मग ब्लूटूथने तुमच्याच मोबाईलचं नेट वापरतात. म्हणजे पुण्यात किंवा मुंबईत रोज फिरणाऱ्याने वेगळं युनिट घेण्यात फारसा अर्थ नाही, त्याला ट्रॅफिकच पाहिजे असतो. घाटात आणि कोकणात जाणाऱ्याला नकाशा पोटात असलेलं यंत्र पाहिजे. ताई तुमची गरज दुसऱ्या प्रकारची आहे म्हणून तुमचा विचार मला पटतो.

आता काही गोष्टी ज्या दुकानात कुणी सांगणार नाही. युनिट बरेच दिवस बंद राहिलं किंवा शेकडो किलोमीटर दूर नेऊन चालू केलं की पहिल्यांदा वेळ लागतो. प्रत्येक सॅटेलाईटची स्वतःची ताजी माहिती ३० सेकंदांची असते पण सगळ्या ताफ्याचा अल्मनॅक, म्हणजे कुठला सॅटेलाईट कधी कुठे असेल त्याचं ढोबळ वेळापत्रक, यायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाईल ही माहिती नेटवरून पटकन घेतो म्हणून तो चटकन जागा दाखवतो. म्हणून बाबांना सांगा, निघायच्या आधी चहा पिताना युनिट उघड्या अंगणात चालू करून ठेवायचं, पार्किंगच्या छताखाली नाही. लोक पहिल्या दिवशी छताखाली चालू करतात आणि खराब आहे म्हणून परत देतात.

दुसरं, पत्ता शोधणं. ही युनिटं आधी गाव मग रस्ता मग घर नंबर असं विचारतात, आपल्याकडे पत्ता 'मारुतीच्या देवळाच्या मागे, सुतारांच्या घराशेजारी' असा असतो. त्यामुळे अक्षांश रेखांश टाकायची सवय लावून घ्या आणि इथे एक चूक सगळे करतात. मोबाईलवर आकडा येतो १६.४५ असा दशांशात, आणि युनिट लावलेलं असतं अंश मिनिटांवर, मग माणूस १६ अंश ४५ मिनिटं टाकतो. १६.४५ म्हणजे खरं १६ अंश २७ मिनिटं. फरक पडतो १८ मिनिटांचा म्हणजे ३३ किलोमीटर उत्तरेला. युनिटमध्ये दशांश अंश हा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो एकदाच लावून टाका.

तिसरं, फ्लायओव्हर आणि सर्व्हिस रोड. मोकळ्या आकाशाखाली चूक ५ मीटरच्या आसपास असते आणि उंचीतली चूक त्याहून जास्त. त्यामुळे गाडी पुलावर आहे की खालच्या सर्व्हिस रोडला हे युनिटला नेहमी कळेलच असं नाही, कोल्हापूरपर्यंतच्या हायवेला तुम्हाला हे हमखास दिसेल. अशा वेळी पाटी बघायची, बोर्डावर विश्वास ठेवायचा. बोगद्यात तर सिग्नल नाहीच, गाडीत कंपनीने बसवलेली सिस्टीम चाकाच्या फेऱ्या मोजून अंदाज काढते, पण वेगळ्या युनिटला चाकाची खबर नसते.

आणि एक गंभीर गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री मॅप बघत चाललेली गाडी पाण्यात गेली. पुलावर धरणाचं पाणी चढलेलं होतं, मॅपवर मात्र पूल तसाच. चालवणारा वाचला नाही. नकाशाला पाण्याची पातळी माहीत नसते, दरड माहीत नसते. मी नकाशे बनवण्यात आयुष्य घालवतोय आणि तरीही सांगतो, पावसाळ्यात घाट उतरायच्या आधी वरच्या गावातल्या टपरीवर विचारल्याशिवाय उतरू नये.


राजापूरची_लेक

केवढं लिहिलंत दोघांनी, मनापासून आभार. अंगणात चालू करायचं आणि १६.४५ चं, हे दोन्ही कुणी सांगितलंच नसतं. अजून दोन शंका. आपल्या इस्रोचं जीपीएससारखंच नाविक म्हणून आहे, ते असलेलंच युनिट घ्यावं का, त्याने कोकणात फरक पडतो का? आणि अमेरिकेहून आणण्याबद्दल कुणीच बोललं नाही, भावाला दोन दिवसांत सांगायचंय.


म्युनिककर

ताई, मी मूळचा इचलकरंजीचा, बारा वर्षं जर्मनीत आहे, तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर मी देऊ शकतो कारण मी हीच चूक करून बसलोय. २०१८ मध्ये वडिलांसाठी इथून एक चांगलं ६ इंची युनिट घेऊन गेलो, खोक्यावर 'लाईफटाईम मॅप' लिहिलेलं. घरी जाऊन चालू केलं तर भारताचा नकाशाच नाही, नुसता पिवळा रिकामा पडदा आणि मधोमध आमची गाडी. लाईफटाईम मॅप म्हणजे खोक्यावर जो प्रदेश छापलाय त्याचाच, आणि लाईफटाईम म्हणजे तुमचं आयुष्य नाही, कंपनी त्या मॉडेलला जितकी वर्षं सांभाळेल तेवढंच. युरोपातल्या युनिटात युरोप, अमेरिकेतल्या युनिटात अमेरिका कॅनडा. भारताचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो धरला तर स्वस्ताई संपते. वॉरंटीसाठी परत इकडे पाठवायचं म्हणजे अजून एक त्रास.

मी मार्ग काढला तो असा. गार्मिन कंपनीच्या बऱ्याच युनिटांत बाहेरचा नकाशा मेमरी कार्डवर टाकता येतो, आणि ओपनस्ट्रीटमॅप म्हणून जो लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे, २००४ पासून चालू आहे, त्याचा भारताचा भाग त्या फॉरमॅटमध्ये फुकट मिळतो. तो उतरवून कार्डवर टाकला. इचलकरंजी कोल्हापूर एकदम छान, पण घर नंबरने शोधणं जवळजवळ नाही, जागा आधी सेव्ह करून ठेवाव्या लागतात. मी कॉम्प्युटरच्या कामातला आहे म्हणून मला जमलं, वडिलांना एकट्याला जमलं नसतं. तुमच्या भावाला नाही म्हणून सांगा असं माझं मत.

आणि फार महत्त्वाचं, भाऊ चुकून सॅटेलाईटवरून मेसेज पाठवणारं यंत्र आणणार नाही हे बघा. गार्मिनचंच इनरीच म्हणून येतं, ट्रेकिंगवाले वापरतात, दिसायला साध्या जीपीएससारखंच, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेलं असतं. रस्ता दाखवणारं युनिट फक्त ऐकतं, ते भारतात आणायला चालतं. पण इनरीच सॅटेलाईटला मेसेज पाठवतं आणि आपल्याकडे सॅटेलाईट फोनसारखं विनापरवाना वापरायला बंदी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला याच कारणावरून ताब्यात घेतलं होतं. माणूस चांगल्या हेतूने घेऊन येतो आणि एअरपोर्टवर अडकतो.


नकाशेवाला_नाशिक

म्युनिककरांशी सहमत. नाविकबद्दल, ताई, अभिमान आहेच. पहिला सॅटेलाईट जुलै २०१३ मध्ये गेला, रचना सात सॅटेलाईटची, भारत आणि सीमेपलीकडे १५०० किलोमीटरपर्यंतचा भाग डोळ्यासमोर ठेवून केलेली. पण आधीचे सॅटेलाईट एल ५ आणि एस या फ्रीक्वेन्सीवर बोलतात आणि गाडीची स्वस्त युनिटं एल १ ही वेगळीच फ्रीक्वेन्सी ऐकतात. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस ०१ या सॅटेलाईटपासून नाविकमध्ये एल १ आला. त्यामुळे आज युनिट घेताना नाविक नसेल तर अडून बसू नका. जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास किंवा युरोपचं गॅलिलिओ ऐकणारं असेल तर मात्र जरूर घ्या, घाटात एका बाजूला कडा असतो, अर्धं आकाश झाकलेलं असतं, तिथे जास्त सॅटेलाईट दिसणं हाच फायदा.


देवरुखचो_झील

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. १५ हजार कशाला घालवताय? घरात कुणाचा तरी जुना फोन पडलेला असेलच. तो बाबांच्या गाडीत कायमचा लावा, सिम काढून टाका म्हणजे फोन येण्याचा प्रश्न संपला. ऑर्गॅनिक मॅप्स हे ॲप टाका, फुकट आहे, जाहिराती नाहीत, महाराष्ट्राचा नकाशा घरी वायफायवर उतरवून ठेवा, पुढे नेट लागतच नाही, फ्लाईट मोडवर टाकलात तरी रस्ता सांगतो. मी तीन वर्षं देवरुख ते पुणे याच्यावर करतोय, आंबा घाटात रेंज जाते तिथे पण काही अडत नाही. किंवा गुगल मॅपमध्येच ऑफलाईन नकाशा उतरवून ठेवा, तो मराठीत बोलतो पण. ताई तुमच्या बाबांनी तो उतरवला नव्हता एवढंच झालं. फक्त गुगलचा ऑफलाईन नकाशा मधून मधून अपडेट करावा लागतो, मुदत संपली की उडतो, आणि ऑफलाईन असताना ट्रॅफिक दाखवत नाही. तापण्यावर उपाय म्हणजे होल्डर काचेवर न लावता एसीच्या जाळीवर लावायचा, गार हवा पाठीला लागते, माझा मे महिन्यातसुद्धा बंद पडला नाही.

कायद्याचं पण सांगतो, ऑक्टोबर २०२० पासून नियमात आहे की गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघायला वापरता येतो आणि तोही लक्ष विचलित न होता. म्हणून होल्डरमध्ये लावलेलाच बरा, हातात नको.


घाटवाटा_सातारा

झील दादा, पटतंय, तरुण माणसाला हे बरोबर आहे, माझे ड्रायव्हर पण तेच करतात. पण ताईंचे बाबा ६८ चे आहेत. जुना फोन गाडीत कायम ठेवला की उन्हात उभ्या गाडीत त्याची बॅटरी फुगते, माझ्याच एका गाडीत झालं, मागचं झाकण वर आलेलं. आणि फोन म्हटला की अपडेट मागतो, परवानगी मागतो, कधी लॉक होतो. युनिटला चावी फिरवली की चालू, चावी काढली की बंद. वय झालेल्या माणसाला त्याचं महत्त्व फार असतं.

ताई, माझ्याकडे एक ५ इंची युनिट पडून आहे, मॅप २०२२ चा आहे. विकायचं नाहीये, बाबांना वापरून बघू दे. तुम्ही पुण्याहून सांगलीला जाता तेव्हा वाढे फाट्यावर थांबा, देतो. आधी आवडतंय का ते बघा मग पैसे घाला. आणि बाबांना बसवून बघताना त्यांचा गाडी चालवायचा चष्मा डोळ्यावर पाहिजे हे विसरू नका. लांबचा चष्मा लावला की हाताच्या अंतरावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, दुकानात मात्र माणूस जवळचा चष्मा लावून बघतो आणि स्पष्ट आहे म्हणतो.


राजापूरची_लेक

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. सातारकर दादा, तुमचे किती आभार मानू, अनोळखी माणसासाठी फाट्यावर युनिट घेऊन उभे राहिलात आणि वर चहा पाजलात.

बाबांनी दोन फेऱ्या केल्या, एकीला मी बरोबर होते. अंगणात चालू केलं तर वर्षभर बंद असल्यामुळे चांगली आठ नऊ मिनिटं लागली, मला हे माहीत नसतं तर मी खराब म्हणून बाजूला ठेवलं असतं. मग घाटाच्या वरून मुद्दाम दोन तीन आतल्या रस्त्यांना गाडी घातली, मोबाईलला रेंज नव्हती, आणि युनिट प्रत्येक वेळी शांतपणे नवीन रस्ता काढून देत होतं. गणपतीतल्या त्या तिठ्यावर बाबांनी स्वतःहून गाडी थांबवली, स्क्रीनवर तिन्ही रस्ते दिसत होते, डावीकडचा पाचलकडे. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं आईकडे बघून मान हलवली. आईने तेवढ्यात पदराने डोळे पुसले ते मी मागून पाहिलं.

कमी काय पडलं तेही लिहिते. पाचलच्या पुढे आमच्या गावात जाणारा शेवटचा चार किलोमीटरचा रस्ता त्यात नाहीच, गाडी कोऱ्या पडद्यावर चाललेली दिसते, पण तो रस्ता बाबांना माहीत आहे. बाण आणि 'किती मीटरवर वळा' हा आकडा लांबच्या चष्म्यातून दिसतो, खालच्या पट्टीतली रस्त्याची नावं मात्र दिसत नाहीत. ७ इंची एका ओळखीच्यांचं लावून पाहिलं तर आमच्या छोट्या गाडीत काचेचा एवढा भाग झाकला जातो की डावीकडचा माणूस दिसत नाही. म्हणून ६ इंचीच्या आसपासचं घ्यायचं ठरवलंय, भारताचा नकाशा आतून असलेलं, नवीन, बिलासकट, आणि दुकानातच अटल सेतू आणि समृद्धी लावून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही. मराठी आवाज असला तर उत्तम, पण हिंदी बाबांना चालेल म्हणाले. भावाला नको म्हणून कळवलं. झील दादा, तुमचंही ऐकलं, आईच्या फोनमध्ये ऑर्गॅनिक मॅप्सवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवलाय, एखादा रस्ता एकात नसला तर दुसऱ्यात बघायला. आमच्या गावचा रस्ता त्यातही नाहीये हो, बाबा विचारत होते तो नकाशात घालता येतो का आणि कोण घालतं.

आता शेवटचा प्रश्न. व्हॅक्यूमचा होल्डर उन्हात दोनदा निसटून पडला, एकदा तर बाबांच्या पायाशी ब्रेकजवळ. त्याच्याऐवजी डॅशबोर्डवर चिकटवायची चकती येते ती लावावी का आणि कुठे?


नकाशेवाला_नाशिक

चकतीच लावा ताई, काचेपेक्षा बरी. पण डॅशबोर्डवर डाव्या बाजूला आईसमोर जिथे एअरबॅग लिहिलेलं असेल त्या झाकणावर अजिबात नको, एअरबॅग उघडली तर युनिट थेट तोंडावर येईल. स्टिअरिंग आणि मधल्या एसीच्या जाळीच्या मध्ये जी सपाट जागा असते ती बघा, बाबांना बसवून त्यांची नजर रस्त्यावरून किती खाली उतरते ते बघून खूण करा. चिकटवायच्या आधी डॅशबोर्डचं पॉलिश ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या, पॉलिशवर चिकटवलं तर महिन्यात निघतं, आणि लावल्यावर एक रात्र त्यावर काही बसवू नका. वायर गिअरच्या आणि पायांच्या बाजूने न सोडता डाव्या कडेने न्या.

आणि गावच्या रस्त्याचं बाबांना सांगा, घालता येतो, कुणीही घालू शकतं. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडायचं आणि रस्ता काढायचा. बाबांनी पुढच्या फेरीत युनिटमध्ये गाडीची वाट नोंदवणं चालू ठेवलं तर ती फाईल कॉम्प्युटरवर निघते. मला इथे मेसेज करून पाठवा, मी बाबांच्या सोबत फोनवर बसून तो चार किलोमीटर काढतो, मध्ये ओढा कुठे आहे, साकव आहे की नुसती फरशी, पावसात कुठून गाडी जात नाही, हे सगळं त्यांनी सांगायचं. आईच्या फोनातला नकाशा यावरूनच बनतो, पुढचं अपडेट घेतलं की रस्ता त्यात दिसेल.